विद्यापीठ आणि उद्योग : तीन संस्थांचा अभ्यास

'उद्योजकता' हा शब्द सध्या महाविद्यालयांच्या फलकांवर सर्वत्र दिसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कौशल्यशिक्षण, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि संशोधन यांवर भर दिल्यापासून या विषयावरील व्याख्याने, शिबिरे आणि स्पर्धा यांना बहर आला आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु शेवटच्या वर्षाचे प्रकल्प-अहवाल वाचताना रसायनशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला एक प्रश्न नेहमी पडतो. अहवाल नीटनेटका असतो, आकृत्या असतात, निष्कर्षही असतो. पण हा प्रश्न मुळात कोणाचा होता? त्याचे उत्तर मिळाल्याने कोणाचे अडलेले काम सुटले? बहुतेक वेळा याचे उत्तर 'कोणाचेच नाही' असे येते.

शिक्षण, संशोधन आणि उद्योग ही तीन अंगे एकत्र कशी नांदतात हे पाहण्यासाठी परदेशी विद्यापीठांची उदाहरणे नेहमी दिली जातात. ती अवश्य अभ्यासावीत. पण आपल्याच देशात, आणि तेही मराठी व कन्नड मुलखाशी जवळचा संबंध असलेल्या संस्थांत, हे प्रयोग फार पूर्वीच झाले आहेत. बडोद्याचे कलाभवन, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग या तीन संस्थांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पहिलीकडून अध्यापनाचा, दुसरीकडून संशोधनाचा आणि तिसरीकडून उद्योजकतेचा धडा घेता येतो असे मला वाटते.

कलाभवन : हाताला आणि भाषेला स्थान

महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानात १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे, सुतारकाम करणाऱ्या घराण्यातले. मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून ते बडोदे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले होते. विद्यापीठाची पदवी आणि कारागिराचे घर या दोन्हींचा अनुभव त्यांच्या ठिकाणी एकत्र आला होता, आणि कलाभवनाची घडण पाहता हे फार महत्त्वाचे ठरले.

त्या काळाची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. १८६९ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतील लाल रंग, म्हणजे अलिझरीन, प्रयोगशाळेत तयार केला. पुढे १८९७ पासून कृत्रिम नीळही बाजारात आली. पिढ्यान्‌पिढ्या मुळ्या, पाने आणि साली उकळून कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यासमोर आता परदेशी रंगाचा डबा येऊन पडला. तो कोणत्या प्रमाणात, किती उष्णतेवर, कोणत्या क्षाराबरोबर वापरावा हे त्याला ठाऊक नव्हते. आणि ज्या पदवीधराला रसायनशास्त्राची सूत्रे पाठ होती त्याने आयुष्यात कधी रंगाच्या कढईत हात घातलेला नव्हता. कलाभवनाने या दोघांच्या मधली जागा घेतली. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तेथे शिकवले जात. ते शिकवताना कारखान्यातील कृती आणि तिच्यामागचे शास्त्र एकमेकांपासून तोडले जात नव्हते.

गज्जरांचा दुसरा आग्रह भाषेचा होता. कारागिराच्या मुलाला आधी इंग्रजी आणि मग धंद्याचे शास्त्र शिकवायचे ठरवले, तर ते शास्त्र त्याच्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून अध्यापन गुजरातीतून ठेवण्याचा आणि 'सयाजी ज्ञानमंजूषा' या मालेतून तांत्रिक विषयांवरची पुस्तके तयार करण्याचा उद्योग त्यांनी आरंभला. शास्त्रीय परिभाषा घडवणे हे त्यांच्या मते अध्यापनाचेच काम होते.

मराठी वाचकाला कलाभवनाची ओळख आणखी एका नावाने पटेल. दादासाहेब फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर कलाभवनात शिक्षण घेतले. चित्रकलेबरोबर छायाचित्रण आणि छपाईची तंत्रे त्यांनी तेथे हाताळली, आणि त्यांचा कल ओळखून गज्जरांनी तेथील छायाचित्रणाची शाळा त्यांच्याकडे सोपवली. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढणाऱ्या माणसाला काचेवरचे रसायन, प्रकाश आणि यंत्र यांची भीती का वाटली नाही, याचे निदान एक कारण येथे सापडते.

संस्थानी कारभाराशी मतभेद होऊन गज्जर १८९६ मध्ये कलाभवन सोडून गेले. मुंबईत त्यांनी स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली. तेथे धंदेवाईक प्रश्नांवर काम करता करता विद्यार्थीही तयार होत. याच परंपरेतील त्यांचे विद्यार्थी कोटीभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन यांच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये बडोद्यास 'अलेम्बिक' हा रसायनांचा कारखाना उभा राहिला. कलाभवन पुढे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन होऊन तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा बनले. संस्था मोठी झाली आणि तिला पदव्या मिळाल्या. पण कारागिराला त्याच्या भाषेत शास्त्र देण्याचा मूळ हेतू पुढच्या काळात आपल्या तंत्रशिक्षणात सर्वत्रच मागे पडला, हेही नमूद केले पाहिजे.

बंगळूर : प्रश्न बाहेरून येतो तेव्हा

जमशेटजी टाटा यांच्या कल्पनेतून आणि म्हैसूर दरबाराने दिलेल्या ३७१ एकर जमिनीवर बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. आज ती मूलभूत संशोधनासाठी जगभर ओळखली जाते. पण तिच्या पहिल्या दशकातील एक काम अगदी बाजारातल्या अडचणीतून निघाले होते.

म्हैसूर संस्थानात चंदन ही सरकारी मालकीची वस्तू होती. लाकडाचा लिलाव होई आणि त्यातील पुष्कळ माल युरोपात, विशेषतः जर्मनीत, जाई. तेल तिकडे निघे. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि हा रस्ता बंद झाला. संस्थानाचे एक मोठे उत्पन्नच धोक्यात आले. उपाय दोनच होते : युद्ध संपण्याची वाट पाहावी, अथवा तेल येथेच काढावे. दुसरा मार्ग निवडायचा तर पुढचे प्रश्न शास्त्राचे होते. गाभ्याचे व मुळांचे लाकूड किती बारीक करावे? वाफ किती वेळ सोडावी? तेलातील सँटॅलॉल या मुख्य घटकाचे प्रमाण औषधी तेलासाठी ठरलेल्या कसोटीस उतरते की नाही? विज्ञान संस्थेतील सडबरो आणि वॉटसन या प्राध्यापकांनी हे काम हाती घेतले. प्रयोगशाळेतील ऊर्ध्वपातनातून १९१६ मध्ये बंगळूरला आणि पाठोपाठ म्हैसूरला तेलाचे कारखाने निघाले. दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा या कामी मोठा पाठिंबा होता.

पुढची पायरी तितकीच बोधप्रद आहे. तेल निघाले, आता ते वापरायचे कशात? सोसले गरळपुरी शास्त्री या रसायनज्ञाला साबणाचे तंत्र शिकण्यासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. ते परतल्यावर चंदनतेलाचा साबण तयार होऊन १९१८ च्या सुमारास बाजारात आला. 'म्हैसूर सँडल' हे नाव आज शतकानंतरही दुकानात दिसते.

या उदाहरणातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, संशोधनाचा प्रश्न प्राध्यापकाने नियतकालिक चाळून शोधलेला नव्हता. तो गोदामात पडून राहिलेल्या लाकडाने विचारला होता. दुसरी अशी की, काम तेलापाशी थांबले नाही. लाकूड, तेल, साबण, वेष्टन आणि विक्री अशी साखळी शेवटपर्यंत नेली गेली. आपल्याकडील पुष्कळसे संशोधन पहिल्या कडीपाशी थांबते. नमुना तयार होतो, निबंध छापला जातो आणि नमुन्याची बाटली कपाटात राहते.

मुंबई : उद्योजक कसे तयार झाले

तिसरे उदाहरण सर्वांत विस्ताराने पाहण्यासारखे आहे. मुंबई प्रांतातील औद्योगिक व तांत्रिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी १९२१ मध्ये एक समिती नेमली गेली, आणि तिचे अध्यक्ष पुन्हा विश्वेश्वरय्याच होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेला आणि मुंबई प्रांतात कित्येक वर्षे नोकरी केलेला हा कन्नड मुलखाचा इंजिनिअर आपल्या दोन्ही भाषांच्या इतिहासात असा वारंवार भेटतो. आपल्या बेळगावातील तंत्रविद्यापीठाला १९९८ पासून त्यांचे नाव आहे, ते उगाच नव्हे.

१ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. यूडीसीटी या नावाने पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी त्याला ओळखतात. मुंबईच्या कापडगिरण्यांना धुलाई, रंगाई आणि छपाई जाणणारे रसायनज्ञ हवे होते. म्हणून वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे अभ्यासक्रम आधी निघाले. रंगद्रव्ये, औषधे, तेले, खाद्यपदार्थ, प्लास्टिक व रंगलेप हे विषय पुढे वाढत गेले. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याच्या जागेत आला. त्याचे पहिले भारतीय संचालक प्रा. के. वेंकटरामन १९३८ ते १९५७ पर्यंत प्रमुख होते. १९५२ पासून प्रसिद्ध होत गेलेला त्यांचा कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील बहुखंडी ग्रंथ जगभर वापरला गेला. पुढे तेच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

या विभागातून शिकून गेलेल्यांत घरडा केमिकल्सचे केकी घरडा, डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजचे अंजी रेड्डी, अंबुजा सिमेंटचे नरोत्तम सेखसरिया, एशियन पेंट्सचे अश्विन दाणी आणि रिलायन्सचे मुकेश अंबानी अशी नावे आहेत. एका विद्यापीठ-विभागाने इतके कारखानदार घडवावेत किंवा वाढवावेत, याची कारणे शोधली पाहिजेत. केवळ 'धडाडी' म्हणून भागत नाही.

पहिले कारण विद्येचे. रासायनिक कारखान्यातील नफा पुष्कळदा उत्पादनाच्या टक्केवारीत दडलेला असतो. समजा, एखादे औषध पाच टप्प्यांत तयार होते आणि प्रत्येक टप्प्यात शेकडा ८० माल हाती लागतो. विद्यार्थ्याला वाटते, ८० म्हणजे चांगलेच. पण पाच टप्प्यांनंतर शंभरातले केवळ ३३ उरतात. तेच प्रत्येक टप्पा ९० पर्यंत नेला, तर शेवटी ५९ हाती येतात. कच्चा माल तोच, इमारत तीच, आणि माल जवळजवळ पावणेदोन पट! हा हिशेब ज्याच्या हाडामांसी खिळला, त्याला कारखान्यातील प्रत्येक नळी आणि प्रत्येक गाळणी वेगळी दिसू लागते.

दुसरे कारण म्हणजे सिद्धांताकडे पाहण्याची दृष्टी. याच विभागाचे विद्यार्थी प्रा. मनमोहन शर्मा केंब्रिजला पीएच. डी. करून १९६४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, प्राध्यापक म्हणून येथेच परतले. वायू द्रवात शोषला जाऊन त्यात रासायनिक क्रिया होणे हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. विषय कागदावरचा वाटतो. पण त्यातील मुख्य प्रश्न प्रत्येक कारखान्याला पडतो. काम सावकाश चालले आहे ते वायू द्रवात शिरायला वेळ लागतो म्हणून, की शिरल्यावर क्रिया व्हायला वेळ लागतो म्हणून? पहिले असेल तर अधिक ढवळणे उपयोगी. दुसरे असेल तर ढवळण्यावर खर्च केलेली वीज पाण्यात गेली. हे आधी ठरवता आले नाही, तर मोठी यंत्रे विकत घेऊनही काही साधत नाही. शर्मांनी उद्योगांना सल्ला दिला, तेथील प्रश्न वर्गात आणि संशोधनात आणले, आणि १९९० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.  'व्यावहारिक शिक्षण म्हणजे कमी सिद्धांत' हा समज किती चुकीचा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

तिसरे कारण विद्यापीठाच्या बाहेरचे आहे, आणि उद्योजकतेच्या व्याख्यानांत त्याचा उल्लेख सहसा होत नाही. १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून अंमलात आला. त्यानुसार औषधांच्या बाबतीत वस्तूवर नव्हे, तर ती तयार करण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळू लागले. म्हणजे तेच औषध वेगळ्या आणि स्वस्त मार्गाने बनवण्याची मुभा येथील रसायनज्ञाला मिळाली. प्रक्रिया सुधारणे ही तर माटुंग्याची खास विद्या! तिला योग्य काळी मोकळे मैदान मिळाले. १ जानेवारी २००५ पासून वस्तूवरील पेटंट पुन्हा लागू झाले आणि खेळाचे नियम बदलले. उद्योजक हा केवळ स्वभावाने घडत नाही. त्याची विद्या आणि काळाची गरज यांची गाठ पडावी लागते. विद्यार्थ्याला कायदा आणि बाजार वाचायला शिकवणे हे म्हणूनच विज्ञानशिक्षणाचेही अंग आहे.

२००८ मध्ये या विभागाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज ही संस्था इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने चालते, आणि मराठवाड्यात जालना येथेही तिचे केंद्र आहे. जून २०२५ मध्ये मुकेश अंबानी यांनी प्रा. शर्मा यांच्या सांगण्यावरून संस्थेला १५१ कोटी रुपयांची देणगी जाहीर केली आणि तिला गुरुदक्षिणा म्हटले. रक्कम बाजूला ठेवली, तरी शिकवणारा आणि कारखाना काढणारा यांचे नाते इतक्या वर्षांनी टिकून आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

तिन्हींतील समान सूत्र

या तिन्ही संस्थांत 'उद्योजकता' नावाचा वेगळा विषय शिकवून उद्योजक तयार झाले नाहीत. तेथे घडले ते असे : बाहेरचा खरा प्रश्न संस्थेच्या दारातून आत आला, शिक्षकाने तो कमी दर्जाचा मानला नाही, विद्यार्थ्याच्या देखत तो शेवटपर्यंत सोडवला गेला, आणि उत्तर पुन्हा बाहेर गेले. हा फेरा ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिला, त्याला स्वतःचा व्यवसाय काढण्याचे धैर्य येते. इतरांना ते व्याख्यानाने येत नाही.

यात धोकेही आहेत. उद्योगांचा सल्लागार झालेला प्राध्यापक वर्गाकडे पाठ फिरवू शकतो. कारखान्याला हवे तेवढेच शिकवू लागलेले विद्यापीठ लवकरच जुने होते, कारण कारखान्याची गरज दर दहा वर्षांनी बदलते. शिवाय काही प्रश्नांचा उपयोग आज दिसत नाही म्हणून ते विचारायचेच नाहीत, असे ठरवले तर ज्ञानाचा झराच आटेल. म्हणून बाहेरच्या प्रश्नाला दार उघडे असावे. घराचा ताबा मात्र विद्येकडेच राहावा.

आपल्यापुरता विचार

आपल्या बेळगावला या परंपरेची ओळख नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या तांत्रिक संस्थेत शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावास आले आणि येथे सायकलीचे दुकान चालवता चालवता त्यांनी शेतीची अवजारे बनवली. लोखंडी नांगराने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि तो दूर करण्यातच त्यांची वर्षे गेली. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. एका शिक्षकाने शेतकऱ्याच्या शंकेला उत्तर दिले, ते असे.

आज आपल्या भोवती काय आहे? उद्यमबागेतील ओतकामाचे कारखाने आहेत, शहापूर-वडगावचे हातमाग-यंत्रमाग आहेत, खानापूरचे मातीकाम आहे आणि ऊसपट्ट्यातील गुऱ्हाळे आहेत. यांतील प्रत्येक ठिकाणी पदवीच्या विद्यार्थ्याला पेलेल असा प्रश्न पडून आहे. ओतीव भागात पोकळ्या राहिल्या की तो माल टाकाऊ ठरतो. याचे एक कारण साच्याच्या वाळूतील जास्तीची ओल हे असते. वाळू तोलायची, वाळवायची, पुन्हा तोलायची आणि रोजच्या टाकाऊ मालाशी तो आकडा महिनाभर ताडून पाहायचा. याला लागतो तराजू, भट्टी आणि चिकाटी. गुऱ्हाळातला गुळव्या रसाचा रंग आणि फेस पाहून चुना किती घालायचा ते ठरवतो. त्याचा अंदाज बहुधा बरोबर असतो. पण रसाची आम्लता मोजून त्या अंदाजाला आकड्यांची जोड दिली, तर त्याच्या मुलाला ते काम लवकर शिकता येईल, आणि गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून घातल्या जाणाऱ्या रसायनांची गरजही तपासता येईल.

मी येथे तीन सूचना करू इच्छितो. पहिली : शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्या पानावर 'हा प्रश्न कोणी विचारला' अशी एक ओळ असावी, आणि तेथे एखादा कारखाना, शेत, दुकान अथवा दवाखाना यांचा निर्देश असावा. प्रश्न निव्वळ शास्त्राचा असेल तर तसे स्पष्ट लिहावे. त्यातही कमीपणा नाही. दुसरी : अहवालाचे दोन पानी सार मराठीत आणि कन्नडात तयार करून ज्याचा प्रश्न त्याच्या हाती द्यावे. आपल्या महाविद्यालयात या दोन्ही भाषा जाणणारे विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. मराठीतला गूळ आणि कन्नडातला बेल्ल एकाच कढईत शिजतो. त्याचे शास्त्र दोन्ही भाषांत लिहिणे आपल्याइतके सोपे कोणाला आहे? गज्जरांनी गुजरातीसाठी जे केले, ते आपण लहान प्रमाणात दोन भाषांसाठी करू शकतो. तिसरी : पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने नवा विषय शोधण्याऐवजी आदल्या वर्षीचे काम जेथे थांबले तेथून उचलावे. लाकडापासून साबणापर्यंतची साखळी एका वर्षात पुरी झाली नव्हती.

या सूचनांना मोठा निधी लागत नाही. लागतो तो शिक्षकांचा थोडा वेळ आणि विद्यार्थ्यांची बाहेर जाऊन विचारण्याची तयारी. आपले बहुतेक पदवीधर पुणे किंवा बंगळूरची गाडी पकडतात, आणि त्यात गैर काही नाही. पण येथे करण्यासारखे काहीच नव्हते म्हणून गेलो, असे त्यांना म्हणावे लागू नये. आपल्या गावात कोणते प्रश्न पडून आहेत, हे निदान शिकत असताना त्यांनी पाहिलेले असावे. मग कोणी राहील, कोणी जाऊन परत येईल. एवढे साधले, तरी महाविद्यालयाच्या फलकावरील 'उद्योजकता' या शब्दाला काही अर्थ येईल.